1 एप्रिल 2001 ची किंमत: जुन्या खरेदी-विक्रीचे पुरावे कोठे आणि कसे शोधावेत

वडिलांनी 1978 साली घेतलेली जमीन मुलगा आज विकतो, तेव्हा भांडवली नफा काढण्यासाठी 1978 ची खरेदी किंमत धरण्याचे बंधन त्याच्यावर नसते. मालमत्ता मूळ घेणाऱ्याने 1 एप्रिल 2001 पूर्वी मिळवलेली असेल, तर त्या तारखेची रास्त बाजार किंमत हीच संपादनाची किंमत म्हणून धरण्याची मुभा आयकर कायद्यात आहे. पूर्वी ही आधारतारीख 1 एप्रिल 1981 होती आणि 2017 च्या वित्त अधिनियमाने ती वीस वर्षे पुढे आणली. जुलै 2024 मध्ये नियम बदलल्यानंतर निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना 23 जुलै 2024 पूर्वी संपादन केलेल्या जमीन-इमारतीसाठी साडेबारा टक्के दराने निर्देशांकाविना (म्हणजे महागाईनुसार संपादनाची किंमत न वाढवता) किंवा वीस टक्के दराने निर्देशांकासह, यांपैकी जो कर कमी होईल तो भरता येतो. दोन्ही वाटांनी गेले तरी पहिला आकडा 2001 चाच लागतो. त्यामुळे पाव शतकापूर्वीच्या एका ठरावीक दिवशी ही मालमत्ता किती रुपयांना विकली गेली असती, हा प्रश्न मूल्यांकनकारासमोर आणि पुष्कळदा खुद्द मालकासमोरही उभा राहतो.

या प्रश्नाला 2020 च्या वित्त अधिनियमाने एक मर्यादा घातली. जमीन किंवा इमारत असेल आणि त्या तारखेचे मुद्रांक शुल्काच्या प्रयोजनासाठीचे मूल्य उपलब्ध असेल, तर 2001 ची रास्त किंमत त्या मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही. यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने काढलेला वार्षिक दर तक्ता, पाहिला की काम संपले. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण रेडी रेकनरचा दर ही कमाल मर्यादा आहे आणि ती मर्यादा म्हणजेच किंमत, असे कायदा म्हणत नाही. रास्त किंमत त्या मर्यादेपर्यंत पोहोचत होती हे दाखवण्यासाठी प्रत्यक्ष व्यवहारच लागतात. जेथे त्या वर्षीचा दर उपलब्ध नाही, किंवा प्रकरण आयकराचे नसून कुटुंबातील वाटणीचे, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे अथवा दिवाणी दाव्याचे आहे, तेथे तर व्यवहारांवाचून दुसरा भक्कम आधार नसतो. पुढील विवेचन 2001 ही तारीख समोर ठेवून केले आहे, परंतु शोधाची पद्धत इतर कोणत्याही मागील तारखेला तशीच लागू पडते.

आधी त्या दिवशीची मालमत्ता निश्चित करावी

निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी घरी बसून करण्याचे एक काम असते आणि तेच सर्वाधिक वेळा टाळले जाते. आज आपल्यासमोर असलेली मालमत्ता 2001 मध्ये कोणत्या क्रमांकाने, कोणत्या गावात, कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात नोंदलेली होती, हे आधी लिहून काढावे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, म्हणून वसईचा 2001 चा दस्त ठाणे जिल्ह्याच्या नावाखाली सापडतो. वाशीम आणि नंदुरबार हे जिल्हे जुलै 1998 मध्ये, तर हिंगोली आणि गोंदिया मे 1999 मध्ये झाले. तेथे तुलनेसाठी 1997 चा एखादा व्यवहार हवा असेल तर अनुक्रमे अकोला, धुळे, परभणी आणि भंडारा या जुन्या जिल्ह्यांची नावे ध्यानात ठेवावी लागतात. पुण्याच्या भोवतालची गावे 1997 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली आणि त्यांतील काही 2001 मध्ये पुन्हा वगळली गेली. अशा गावातील जमीन मूल्यांकनाच्या तारखेला हद्दीत होती की बाहेर, यावर तिचा दर, तिचा वापर आणि तिला लागू होणारे नियम हे सर्व अवलंबून असते.

क्रमांकाचीही अशीच गत असते. विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना झालेल्या गावात सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे गटाचे हिस्से पडले, पोटहिस्से झाले, गावठाणाचा विस्तार झाला आणि नगर भूमापन लागू होऊन सिटी सर्वे क्रमांक मिळाला. जुना क्रमांक नव्याशी जोडून दाखवणारे एकत्रीकरणाचे उतारे, आकारफोड पत्रक आणि कमी-जास्त पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावे. हा दुवा हाती नसेल तर शोधणारा चुकीच्या क्रमांकाने वर्षानुवर्षांच्या सूची चाळत बसतो आणि शेवटी व्यवहार सापडत नाहीत असे अहवालात लिहितो.

त्यानंतर त्या दिवशीची परिस्थिती नोंदवावी. आजचा साठ फुटी रस्ता तेव्हा पाणंद होता काय, इमारतीचे वय तेव्हा किती होते, जमीन शेती विभागात होती की निवासी, बिनशेती परवानगी झाली होती काय, आरक्षण होते काय, ही माहिती त्या वेळच्या विकास योजनेच्या भाग नकाशावरून आणि झोन दाखल्यावरून मिळते. शहरी भागात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. शहरातील मोकळी जमीन किती बाळगता येईल याची मर्यादा घालणारा नागरी जमीन कमाल धारणा कायदा केंद्राने 1999 मध्ये रद्द केला असला, तरी महाराष्ट्रात तो 29 नोव्हेंबर 2007 पर्यंत लागू होता. म्हणजे 1 एप्रिल 2001 रोजी मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील मोठा मोकळा भूखंड या कायद्याच्या सावटाखाली होता आणि त्याची किंमत त्याच सावटासह ठरवली पाहिजे. तुलनेसाठी घेतलेला भूखंड मर्यादेच्या आतला आणि आपला भूखंड अतिरिक्त ठरलेला असेल, तर दोहोंचा दर एक असू शकत नाही.

सूची क्रमांक दोन

नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक 1 आणि त्याच्या सूची या विहित शुल्क भरून कोणालाही पाहता येतात व त्यांच्या प्रती मागता येतात. त्यासाठी आपण मालक किंवा वारस असण्याची आवश्यकता नाही. सूची क्रमांक 1 नावांवरून, तर सूची क्रमांक 2 मालमत्तेवरून लावलेली असते. मूल्यांकनासाठी दुसरी सूची हवी, कारण शेजारच्या जमिनी कोणी विकल्या हे आपल्याला ठाऊक नसते, पण त्यांचे क्रमांक ठाऊक असतात.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेत मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांची सूची साधारण 1985 पासून आणि उर्वरित महाराष्ट्राची 2002 पासून पाहता येते. या तफावतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. मुंबईतील सदनिकेसाठी आधारतारखेच्या दोन्ही बाजूंचे व्यवहार घरबसल्या पाहता येतात. साताऱ्यातील जमिनीसाठी मात्र संगणकावर दिसणारा सर्वांत जुना व्यवहारदेखील आधारतारखेनंतरचा असतो आणि केवळ त्यावर विसंबलेला अहवाल एका बाजूने लंगडा राहतो. त्यापूर्वीच्या व्यवहारांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील हस्तलिखित सूचीच चाळावी लागते. वर्षनिहाय शोध शुल्क भरून अर्ज करावा आणि 1998 ते 2003 हा कालखंड मागावा. हे काम बहुतेक वेळा वकिलांकडील सर्च क्लार्क करतात. मालकी हक्काच्या सर्च रिपोर्टची त्यांना सवय असते, म्हणून त्यांना स्पष्ट सांगावे लागते की आपल्या मिळकतीचा इतिहास नको असून परिसरातील सर्व खरेदीखतांचे क्रमांक, दिनांक, क्षेत्र आणि मोबदला हवा आहे.

संगणकावर शोधताना एकाच क्रमांकाची अनेक रूपे टाकून पाहावीत. सर्वे नंबर 25 हिस्सा 2 ही मिळकत कधी केवळ 25, कधी 25/2, कधी 25/2अ अशी नोंदलेली असते. गावाच्या नावाचेही एकाहून अधिक पर्याय यादीत दिसतात. एका रूपाने काही मिळाले नाही म्हणून व्यवहारच झाला नाही असे समजू नये. जुन्या हस्तलिखित सूचीची पाने फाटलेली किंवा जीर्ण झाल्याने न दिसणारी असतात. तसे असल्यास कोणत्या वर्षाची पाने पाहता आली नाहीत, ते अहवालात नमूद करावे.

सूचीतील नोंद वाचताना दोन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पहिली म्हणजे दस्ताचा प्रकार. खरेदीखत, अभिहस्तांतरणपत्र आणि सदनिकेचा करारनामा हे तुलनेला चालतात. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटपपत्र आणि गहाणखत यांतील रकमा किमती नसतात. विकसन करारनाम्यात मोबदल्याचा काही भाग बांधीव जागेच्या रूपाने दिलेला असतो, म्हणून तेथील रोख रकमेवरून दर काढणे धोक्याचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे मोबदला आणि बाजारभाव हे शेजारी-शेजारी येणारे दोन आकडे. मोबदला हा पक्षकारांनी ठरवलेला, तर बाजारभाव हा मुद्रांक शुल्कासाठी दर तक्त्यावरून काढलेला असतो. बाजारभावाचा आकडा विक्री किंमत म्हणून वापरला, तर रेडी रेकनरच्या आधारे रेडी रेकनर सिद्ध केल्यासारखे होते. असे अहवाल सर्रास दिसतात आणि ते उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळतात.

तारखेच्या बाबतीतही सूचीत निष्पादनाचा (दस्तावर सह्या झाल्याचा) आणि नोंदणीचा असे दोन दिनांक असतात. किंमत ठरते ती पक्षकारांनी करार केला त्या दिवशी. खरेदीखत 2001 मध्ये नोंदलेले असले, तरी त्यामागचे साठेखत (विक्रीचा आधीचा करार) 1997 चे असेल तर तो दर 1997 चा आहे. हे सूचीवरून कळत नाही आणि म्हणून निवडलेल्या प्रत्येक व्यवहाराच्या मूळ दस्ताची प्रमाणित प्रत घेतली पाहिजे. मुंबई-पुण्याचे पूर्वीचे बरेच दस्त छायाचित्रणासाठी पुण्याच्या शासकीय फोटो नोंदणी कार्यालयाकडे जात असत, त्यामुळे प्रत मिळण्यास वेळ लागू शकतो. विवरणपत्राच्या मुदतीच्या आठवडाभर आधी हे काम हाती घेऊ नये.

फेरफार नोंदवही

ग्रामीण आणि निमशहरी जमिनीसाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गाव नमुना 6, अर्थात फेरफार नोंदवही. जमीन विकली गेली की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्कातील बदलाची नोंद या वहीत होते. जुन्या हस्तलिखित नोंदीत तलाठी साधारणपणे पूर्ण हकिकत लिहीत असे: कोणी, कोणाला, कोणत्या गटातील किती क्षेत्र, किती रुपयांना, कोणत्या तारखेच्या आणि कोणत्या क्रमांकाच्या खरेदीखताने दिले. सूची क्रमांक दोन मधून मिळणारी जवळजवळ सर्व माहिती येथे एका परिच्छेदात मिळते आणि शिवाय ती गाववार, क्रमाने लावलेली असते. दुय्यम निबंधकाच्या सूचीत मोठ्या परिसरातील दस्त एकत्र असतात. फेरफार वहीत फक्त त्या एका गावाची हालचाल असते.

शोधण्याची रीत सोपी आहे. आपल्या जमिनीच्या सभोवतालच्या गटांचे जुने सातबारा उतारे घ्यावेत. भोगवटादाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक लिहिलेला असतो. त्यावरून कोणता क्रमांक कोणत्या वर्षाच्या आसपासचा आहे याचा अंदाज येतो आणि मग 1999 ते 2002 या काळात येणाऱ्या क्रमांकांचा पट्टा ठरवून तो संपूर्ण वाचून काढावा. त्यांत वारस नोंदी, बोजे चढवणे-उतरवणे, वाटण्या अशा बऱ्याच नोंदी असतील. त्या सोडून केवळ खरेदीच्या नोंदी टिपाव्यात. अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारा आणि फेरफार आता आपले अभिलेख या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या स्वरूपात, शुल्क भरून मिळतात. जेथे ते उपलब्ध नाहीत, तेथे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कलेसाठी अर्ज करावा.

या नोंदी वाचताना किमतीच्या पलीकडे बरेच काही हाती लागते. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरावर निर्बंध असलेली) होती, कुळाने मिळवलेली जमीन परवानगीविना न विकण्याची कूळकायद्याच्या कलम 43 ची अट होती, विक्रीसाठी परवानगी घ्यावी लागली होती, घेणारा शेजारच्याच गटाचा मालक होता, विकणारा आणि घेणारा सख्खे भाऊ होते, हे सर्व तेथे दिसते किंवा आडनावावरून आणि गट क्रमांकावरून ताडता येते. अटीची जमीन कमी दराने जाते. शेजारी मालक कधी कधी सलग क्षेत्राच्या किंवा वहिवाटीच्या लोभाने जास्त दर देतो. भावाभावांतील व्यवहाराची किंमत बाजाराची असेलच असे नाही. नोंद प्रमाणित झाली की तक्रार होऊन रद्द झाली, हेदेखील शेऱ्यात पाहावे. रद्द झालेली नोंद तुलनेत घेतल्यास विरुद्ध पक्षाच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

एकच मर्यादा सांगायला हवी. फेरफारातील रक्कम हा दुय्यम पुरावा आहे. त्यावरून व्यवहार शोधावा, दस्त क्रमांक मिळवावा आणि मग खरेदीखताची प्रमाणित प्रत निबंधकाकडून घ्यावी.

सदनिकांसाठी

सदनिकेची नोंद फेरफारात येत नाही आणि मिळकत पत्रिकेवरही बहुधा संस्थेचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असते. शिवाय ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कित्येक करारनामे त्या वेळी नोंदलेच गेले नाहीत. तेव्हा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे दप्तर पाहावे. सभासदत्व हस्तांतराच्या अर्जासोबत करारनाम्याची प्रत संस्थेकडे दिलेली असते आणि भाग हस्तांतराच्या नोंदीवरून कोणती सदनिका कोणत्या साली विकली गेली ते कळते. दुसऱ्या सभासदाची कागदपत्रे दाखवण्यास संस्था नकार देऊ शकते. अशा वेळी हस्तांतराचे वर्ष आणि सदनिका क्रमांक एवढेच मागावे आणि दस्त नोंदलेला असल्यास तो सूचीतून शोधावा.

सदनिकेच्या बाबतीत क्षेत्राचा घोळ हा किमतीच्या घोळापेक्षा मोठा असतो. एका करारनाम्यात चटई क्षेत्र (भिंतींच्या आतील), दुसऱ्यात बांधीव (भिंतींसह), तिसऱ्यात सामाईक जागांचा वाटा धरून विकासकाने मनाप्रमाणे फुगवलेले सुपर बिल्ट-अप. दर काढण्यापूर्वी सर्व क्षेत्रे एका मापात आणावीत, आणि शक्य असेल तर मंजूर नकाशावरून ताडून पाहावीत. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट किंवा सुमारे 101.17 चौरस मीटर, आणि जुन्या दस्तांत येणारा चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट. आर हे पूर्ण शंभर चौरस मीटर असते, म्हणून आर आणि गुंठा सरधोपटपणे एक मानू नयेत. मोठ्या क्षेत्रात हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. पागडीच्या जागांचे हस्तांतर हा निराळा विषय आहे आणि त्याची रक्कम मालकी हक्काच्या किमतीशी तुलना करण्याजोगी नसते.

2001 चे दर तक्ते आणि इतर साधने

वार्षिक मूल्य दर तक्ते संकेतस्थळावर अलीकडच्याच वर्षांचे मिळतात. 2001 चा तक्ता हवा असेल तर सहजिल्हा निबंधक अथवा नगररचना विभागाच्या मूल्यांकन शाखेकडे लेखी मागणी करावी, गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. मोठ्या शहरांचे जुने रेडी रेकनर खासगी प्रकाशकांनी पुस्तकरूपाने काढलेले असून ते वकील आणि मूल्यांकनकारांच्या कपाटात सापडतात. त्या काळी तक्ते 1 जानेवारीपासून लागू होत आणि 1 एप्रिलची पद्धत 2016 मध्ये आली, म्हणून 1 एप्रिल 2001 साठी 2001 या कॅलेंडर वर्षाचा तक्ता पाहावा. शेतजमिनीचे दर आकारणीच्या गटांनुसार दिलेले असतात, त्यामुळे त्या वेळच्या सातबारावरील आकार (शेतसाऱ्याची रक्कम) हाताशी लागतो. केवळ दर घेऊन थांबू नये. तक्त्यासोबतच्या सूचना, इमारतीच्या वयानुसार घसारा आणि मोठ्या क्षेत्रासाठीची वजावट लावूनच मुद्रांक मूल्य निघते.

परिसरात त्या सुमारास भूसंपादन झाले असेल, तर विशेष भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा अवश्य मिळवावा. त्यात अधिकाऱ्याने तपासलेल्या खरेदी-विक्रीचा तक्ता असतो आणि कोणते व्यवहार का नाकारले याची कारणेही असतात. कुणीतरी तेव्हाच करून ठेवलेला हा शोध आपले निम्मे कष्ट वाचवतो. निवाड्याविरुद्ध दावा झाला असेल तर न्यायालयाचा निर्णयही पाहावा. एमआयडीसी, सिडको, म्हाडा यांचे त्या वर्षांचे वाटप दर आणि निविदांचे निकाल उपयोगी पडतात, मात्र वाटपाचा दर धोरणाने ठरलेला असतो आणि निविदेचा दर स्पर्धेने. दोन्ही एका रांगेत बसवू नयेत. मोठ्या शहरांतील महागड्या मालमत्तांसाठी आणखी एक विस्मरणात गेलेले साधन आहे. 1 जुलै 2002 पूर्वीच्या हस्तांतरांना आयकर कायद्याचे प्रकरण वीस-क लागू होते. त्यानुसार ठरावीक रकमेवरील व्यवहारात सक्षम प्राधिकाऱ्याची अनुमती घ्यावी लागे आणि किंमत कमी दाखवल्याचे वाटल्यास शासन ती मालमत्ता स्वतः विकत घेऊन लिलावात काढीत असे. अशी अनुमती घेऊन झालेल्या व्यवहाराचा आकडा निदान एका छाननीतून गेलेला असतो.

वृत्तपत्रांतील जुन्या जाहिराती ग्रंथालयात मिळतात, पण त्यांतील आकडे मागणीचे असतात. बाजाराचा कल दाखवण्यापुरताच त्यांचा उपयोग करावा. दलालाचे पत्र किंवा त्या वेळी अमुक भाव होता असे गावकऱ्याचे सांगणे यांना माझ्या दृष्टीने पुरावा म्हणून जवळजवळ मोल नाही.

निवड आणि हिशेब

जमा झालेल्या वीस-पंचवीस व्यवहारांपैकी तीन-चार टिकले तरी पुष्कळ झाले. निवडीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा चिमणलाल हरगोविंददास हा निर्णय मार्गदर्शक आहे, आणि योगायोगाने तो पुण्यातीलच जमिनीबाबतचा आहे. काळाने आणि जागेने सर्वांत जवळचे, खरेखुरे व्यवहार आधी शोधावेत आणि मग फरकांची भर-वजावट करावी, असे त्यात सांगितले आहे. लहान क्षेत्र, रस्त्याची जवळीक, चांगला दर्शनी भाग, नियमित आकार हे घटक दर वाढवतात. मोठे क्षेत्र, आतील जागा, दर्शनी भाग अरुंद आणि खोली जास्त, भराव करावा लागणारी सखल जमीन हे घटक तो कमी करतात. तारखेनंतरचे व्यवहारही चालतात काय, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही तेथे भूसंपादनाच्या संदर्भात मिळते: व्यवहार तारखेच्या अगदी निकटचा असावा, खरा असावा आणि संपादनामुळेच किंमत वाढलेली नसावी. 2001 साठी हाच न्याय लावताना, 2003 मध्ये जाहीर झालेल्या एखाद्या रस्त्यामुळे किंवा प्रकल्पामुळे वधारलेला व्यवहार बाजूला ठेवावा, कारण 1 एप्रिल 2001 च्या खरेदीदाराला तो प्रकल्प माहीत नव्हता.

काळाच्या समायोजनासाठी बँकेच्या व्याजदराएवढी किंवा दहा टक्के वाढ ठोकून देण्याची सवय सोडावी. महागाई निर्देशांक तर येथे मुळीच लावू नये, कारण तो कराचा हिशेब आहे, बाजाराचा नव्हे. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर भाव शिखरावर गेले आणि त्यानंतर कित्येक वर्षे खाली आले. तेथे 1995 चा दर दरवर्षी वाढवत 2001 पर्यंत आणणे म्हणजे बाजार उलट्या दिशेने चालवणे होय. कल परिसरातील व्यवहारांतूनच काढावा आणि शक्य असल्यास तारखेच्या आधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन व्यवहार धरून मधली किंमत काढावी.

हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. तालुक्याच्या गावी दहा गुंठ्यांचा बिनशेती भूखंड आहे. शेजारचे आठ गुंठे नोव्हेंबर 1999 मध्ये 4,80,000 रुपयांना, म्हणजे गुंठ्याला 60,000 रुपयांनी विकले गेले. त्याच रस्त्यावरील बारा गुंठे ऑगस्ट 2001 मध्ये 8,40,000 रुपयांना, म्हणजे 70,000 रुपयांनी गेले. दोन्ही भूखंड सारखे आहेत असे धरल्यास एकवीस महिन्यांत 10,000 रुपयांची वाढ झाली. पहिल्या व्यवहारापासून 1 एप्रिल 2001 पर्यंत सतरा महिने होतात, म्हणून त्या दिवशीचा दर सुमारे 68,100 रुपये आणि भूखंडाची किंमत सुमारे 6,81,000 रुपये येते. आता त्या वर्षीचा तक्त्यातील दर चौरस मीटरला 600 रुपये होता असे समजू. दहा गुंठे म्हणजे 1,011.7 चौरस मीटर, म्हणून मुद्रांक मूल्य 6,07,020 रुपये होते. आयकरासाठी एवढीच किंमत धरता येईल. परंतु त्याच भूखंडाच्या कौटुंबिक वाटणीत त्या तारखेची किंमत विचारली गेली, तर उत्तर 6,81,000 हेच राहील. एकाच तारखेचे दोन आकडे दोन प्रयोजनांसाठी योग्य असू शकतात, म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर तारखेसोबत प्रयोजनही लिहावे. आणि व्यवहारांवरून किंमत 5,50,000 निघाली असती, तर मर्यादा 6,07,020 ची आहे म्हणून तेवढी धरता आली नसती.

दस्तातील किंमत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेली असते, हा आक्षेप प्रत्येक मालक घेतो आणि त्यात तथ्यही असते. तथापि काल्पनिक रोख रक्कम मिळवून दर वाढवण्याचा अधिकार मूल्यांकनकाराला नाही. करता येण्याजोगे एवढेच की मोबदला तक्त्यातील मूल्याच्या बरोबर रुपयापर्यंत जुळणारे व्यवहार संशयाने पाहावेत आणि बँकेच्या कर्जाने झालेल्या, विकणारी सार्वजनिक संस्था किंवा न्यास असलेल्या, तसेच न्यायालयीन लिलावातील व्यवहारांना अधिक वजन द्यावे. लिलावातील सक्तीची विक्री कधी कधी कमी भावाने होते, हे अर्थात लक्षात ठेवावे.

अहवालास निवडलेल्या दस्तांच्या प्रमाणित प्रती, फेरफार नोंदी, जुना आणि नवा क्रमांक जोडणारे पत्रक, त्या वर्षीचा दर तक्ता आणि सर्व मिळकती दाखवणारा गाव नकाशा जोडावा. नाकारलेल्या व्यवहारांचाही एक तक्ता द्यावा आणि प्रत्येकासमोर कारण लिहावे, कारण आयकर अधिकाऱ्याने प्रकरण विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवल्यास तो त्याच सूचीतून नेमके तेच व्यवहार बाहेर काढील. तिऱ्हाइतांच्या दस्तांतील पॅन, पत्ते आणि छायाचित्रे प्रतींवर झाकावीत. आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. अहवालात क्रमांक घालताना व्यवहार कोणत्या वर्षातील आहे ते पाहून त्या त्या अधिनियमाचा उल्लेख करावा आणि सर्व मूळ कागद आकारणी व अपील संपेपर्यंत जपून ठेवावेत.